मारकी अक्का

अक्काचा हात तोंडाच्या आधी चालायचा. समोर गिऱ्हाईक असो, दलाल असो नाहीतर वर्गणी मागायला आलेलं मंडळ असो, हाताला लागेल ते ती हाणायची. हेल्मेट, चेनकव्हर, एकदा तर चहानं भरलेला थर्मास. सोलापुरात होटगी रोडला तिचं जुन्या मोटारसायकलींचं दुकान होतं आणि त्याला लागून माझं सीटकव्हरचं. मी जेऊरहून येऊन दुकान मांडलं, त्याच्या पहिल्याच सकाळी तिनं एका दलालाला गचांडी धरून रस्त्याच्या मधल्या दुभाजकापर्यंत फरफटत नेलं. त्याच्या चपला तिच्या दारातच राहिल्या होत्या. त्या तिनं मागून भिरकावल्या. एक त्याच्या पाठीत बसली, दुसरी जाणाऱ्या रिक्षाच्या काचेवर. मग पदरानं तोंड पुसत ती माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "नवा हायस व्हय? च्या पितोस?" मी घाबरून दोन कप प्यायलो.

मारकी म्हैस म्हणतात तसं सगळे तिला मारकी अक्का म्हणायचे. अर्थात पाठीमागे. तिला जाऊन आता दोन वर्षं होत आली, तरी तिच्या दुकानावरून जाताना काही माणसं अजून रस्त्याची पलीकडची बाजू धरतात.

ती मुख्यतः स्पोर्ट गाड्या विकायची. पुढे वाकून, टाकीवर छाती टेकून चालवायच्या त्या. घ्यायला येणारी कॉलेजची पोरं असायची आणि त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. "अक्का, रनिंग किती?" म्हणजे गाडी एकूण किती किलोमीटर पळाली. ह्या प्रश्नानं अक्काचं डोकं फिरायचं. "किती पळाली ते काय इचारतोस? पळवली कुणी ते इचार की! धा हजार पळालेली गाडी एखाद्या मस्तवालानं पिळली आसंल तर ती म्हातारी. आन् एका हातात, येळच्या येळी ऑइल बदलून पन्नास हजार पळाली आसंल तर ती तरणी. कळलं का?" कळलं म्हणणाऱ्याला चहा मिळायचा. एका पोरानं मात्र हसत हसत म्हटलं, "मीटर तर सगळेच मागं फिरवतात, अक्का. तुम्ही पण फिरवलं असेल." त्याच्या कानातले इयरफोन उडून माझ्या पायरीवर येऊन पडले. अक्का म्हणाली, "ह्या दुकानात मीटर फिरत न्हाय." पोरानं गाल चोळला आणि इयरफोन उचलले. पुढच्या आठवड्यात बापाला घेऊन आला आणि तिच्याकडूनच गाडी घेऊन गेला.

हे दुकान मुळात तिच्या नवऱ्याचं. तो तिला क्लचच्या वायरनं मारायचा. तिच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत पांढरे व्रण होते, भाजल्यासारखे. ती ते झाकत नसे. एकदा मी बघतोय हे बघून तिनं आपणहून सांगितलं. पुष्कळ वर्षं तिनं मार खाल्ला. एका दुपारी, ह्याच दुकानात, तिनं वरून येणारी वायर हातात पकडली, गुंडाळून घेतली आणि दुसऱ्या हातानं गाडी टेकवायचा लोखंडी पाइप उचलला. नवऱ्याच्या गळ्याजवळचं हाड मोडलं. मग तो खाली पडल्यावर तिनं त्याच्या गुडघ्यावरही घातला. तो दवाखान्यातून परस्पर विजापूरला भावाकडे गेला, परत आला नाही. "त्या दिवशी मला कळलं बग," अक्का म्हणाली, "मार लागतोय तो आपल्या एकटीलाच न्हाय, समोरच्याला बी लागतोय." हे सांगताना ती भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. त्या दिवसापासून तिला वाटू लागलं असावं की जगातला कुठलाही खोटेपणा पाइप उचलला की मिटतो. आणि बरीच वर्षं तो मिटतही होता.

तिनं कधी हात उगारला नाही तो फक्त मल्लूवर. मल्लू तिचा धाकटा भाऊ. आई लवकर गेली, तेव्हा अक्कानंच त्याला अंगाखांद्यावर वाढवला. अक्कलकोटच्या बाजूचं त्यांचं गाव, घरात दोघं कन्नड बोलायची आणि दुकानात मराठी. मल्लू तिच्याकडेच मिस्त्री होता. अबोल, सडपातळ. इंजिनावर स्क्रूड्रायव्हर टेकवून त्याची मूठ कानाला लावायचा आणि डोळे मिटून ऐकत राहायचा. गिऱ्हाइकाशी भाव करणं, गाडीची स्तुती करणं त्याला जमत नसे. बार्शीची बायको केली होती, घरात एक लहान मुलगी होती.

एका उन्हाळ्यात अक्कानं एक लाल स्पोर्ट गाडी विकत घेतली. अक्कलकोटच्या एका माणसाची. तो ती रोज सोलापूरला नोकरीला यायला वापरायचा. बासष्ट हजार पळालेली, पण एकहाती. मल्लूनं इंजिन ऐकलं आणि नुसती मान हलवली. अक्का खूश झाली. म्हणाली, "ही आठ दिवस बी ऱ्हात न्हाय बग."

गाडी अख्खा पावसाळा राहिली. पोरं यायची, रंगावर भाळायची, बसून फोटो काढायची, मीटरवर बासष्ट हजार बघितलं की उतरायची. अक्का त्यांना समजावायची, शिव्या द्यायची, दोघांना तर मारलं. मार खाऊन कुणी गाडी घेत नाही. दिवाळीच्या आसपास ती अचानक विकली गेली. वैरागच्या दत्ता नावाच्या माणसानं नेली. त्याचं तिथं खताचं दुकान होतं, अंगानं पैलवान, बोलायला मऊ. अक्का त्या दिवशी गावी गेली होती, व्यवहार मल्लूनं केला. ती परत आल्यावर रिकामी जागा बघून तिनं भावाच्या पाठीवर थाप मारली. "बगितलंस? खऱ्याचं गिऱ्हाईक उशिरा येतं, पर येतं." मल्लू हात धुवायला निघून गेला.

महिन्याभरानं दत्ता त्याच लाल गाडीवरून आला. मागून दुसऱ्या गाडीवर त्याचे दोन चुलतभाऊ. सकाळची वेळ, मी शटर वर करत होतो. दत्तानं गाडी स्टँडला लावली आणि शांतपणेच म्हणाला, "अक्का, ह्या गाडीचं मीटर फिरवलंय तुमी."

अक्का उठली. "कुणाच्या दुकानात उभा हायस ठाव हाय का?"

"ठाव हाय. म्हणून तर आलो. अठरा हजार दाखवतंय आन्..."

पुढचं त्याला बोलता आलं नाही. अक्कानं काउंटरवरचं हेल्मेट उचलून त्याच्या तोंडावर हाणलं. नाकाचं हाड मोडलं, ते मला माझ्या दारात ऐकू आलं. पांढऱ्या शर्टावर रक्ताची धार लागली आणि तो एवढा मोठा माणूस गुडघ्यावर बसला. चुलतभाऊ तिच्यावर धावले. एकानं तिचे केस धरले, दुसऱ्यानं पाठीत लाथ घातली. तिनं एकाच्या मनगटाचा चावा घेतला, तो ओरडला, पण केस सोडेना. मी मध्ये पडलो तर माझं डोकं भिंतीवर आपटलं. ओळीतल्या तीन गाड्या एकमेकींवर कोसळल्या, आरसे फुटले. आणि ह्या सगळ्यात अक्का एकच ओरडत होती, "माझ्या दुकानात मीटर फिरत न्हाय! माझ्या दुकानात मीटर फिरत न्हाय!"

मल्लू हवा भरायच्या यंत्राजवळ उभा होता. जागचा हलला नव्हता.

दत्तानं खालूनच भावांना थांबवलं. नाक हातात धरून तो म्हणाला, "गाडीचा पहिला मालक पेट्रोल पंपावर भेटला मला. त्यानंच वळखली गाडी. म्हणला, बासष्ट हजार पळाल्यावर विकली मी, अजून तशीच पळती का? फोन लावू का त्याला?"

अक्काचे केस सुटले होते, ओठ फाटला होता. तिनं वळून भावाकडे बघितलं. आणि कन्नडमध्ये विचारलं, अगदी हळू, "मल्लू, खरे एन?" खरं आहे का?

मल्लू खाली बघत होता. "पडून होती, अक्का. पावसाळाभर पडून होती. बासष्ट ऐकलं की माणसं उठून जात्यात. एक जण लॅपटॉप लावून करून देतो. गाडी तर चांगलीच हाय की. मीटर तेवढं..."

कोपऱ्यात जुन्या शॉकॲब्सॉर्बरचा ढीग होता. स्प्रिंगवाले, जड. अक्कानं त्यातला एक कधी उचलला ते मला दिसलं नाही. मल्लूनं तोंड वाचवायला उजवा हात वर केला आणि घाव कोपरावर बसला. तो किंचाळला नाही, नुसता श्वास आत ओढला. तिनं दुसऱ्यांदा मारलं, त्याच जागी. हात भलत्याच दिशेला लोंबला. तिसऱ्या वेळी तिनं हात वर नेला तेव्हा तो मागून धरला दत्तानं. त्याच्या नाकातून रक्त चालूच होतं. "अक्का," तो म्हणाला, "मरंल की त्यो!"

तेव्हा अक्कानं हातातल्या लोखंडाकडे बघितलं.

दत्ताला आणि मल्लूला मी एकाच रिक्षातून दवाखान्यात नेलं. मल्लूचा हात मी रेक्झिनच्या तुकड्यात बांधला होता. वाटेत दत्ता त्याला सावरून बसला होता, खड्डा आला की त्याचा खांदा घट्ट धरायचा. दवाखान्यात पोलीस विचारायला आले तेव्हा मल्लूनं सांगितलं, गाडी अंगावर पडली. दत्ता म्हणाला, शटर नाकावर आलं.

अक्का त्याच दुपारी चौकीत गेली. सोबत मी होतो. "दोघांना बी मी मारलं. लिवून घ्या," ती हवालदाराला म्हणाली. त्यानं तिला खुर्ची दिली. "अक्का, दोघंबी म्हणत्यात अपघात झाला. तक्रारच न्हाय तर मी काय लिवू? घरी जावा, ओठाला काहीतरी लावा." अक्कानं टेबलावर मूठ आपटली, शिव्या दिल्या, माणसं जमा झाली. हवालदार तिच्याकडे वयस्कर बाईकडे बघावं तसा बघत राहिला. तिला आत टाकायला कुणीच तयार नव्हतं.

थोड्या दिवसांनी दत्ता परत आला, नाकाला पट्टी आणि खाली तीच लाल गाडी. अक्का म्हणाली, "ठिव गाडी. तुजे पैसे ने." तो म्हणाला, "न्हाय. गाडी झकास हाय, सोडवत न्हाय." मग निघताना, गाडी चालू करायच्या आधी, तो थांबला. "एक सांगतो अक्का, राग मानू नका. तुमी मला बासष्ट सांगितलं आसतं, तर मी हिला हात बी लावला नसता. तुमचा भाऊ बोलला त्ये खोटं नव्हतं."

तो गेला. अक्का होती तिथंच फरशीवर बसली. उन्हं तिच्या अंगावर आली तरी उठली नाही.

मल्लूच्या कोपरात स्टीलच्या पट्ट्या घातल्या, पण हात वाकलेलाच राहिला. बोटांत पाना धरण्याइतकी ताकद आली नाही. दवाखान्यातून बायको त्याला थेट बार्शीला घेऊन गेली. अक्का दोनदा तिकडे गेली, दोन्ही वेळा तो आतल्या खोलीतून बाहेर आला नाही. तिसऱ्यांदा ती गेली नाही.

त्यानंतर अक्काचा हात कुणावर उठला नाही. दलालांना हे कळायला वेळ लागला नाही. ते दारात उभे राहून वाटेल ते बोलायचे, "काय अक्का, मीटर कितीला फिरवून देता?" ती दोन्ही हात काखेत दाबून बसायची. एकानं तर तिच्या अंगावर पान थुंकलं. मी कात्री घेऊन उठलो, तर म्हणाली, "बस खाली. त्येचं बरोबर हाय." मला ती पूर्वीची अक्का भीतीदायक वाटायची, ही बघवत नव्हती.

वर्ष उलटून गेलं. एका दुपारी मल्लू बार्शीच्या एसटीनं आला. रस्त्यापलीकडून चालत येताना मी त्याला बघितलं, उजवा हात पोटाशी धरलेला. अक्का उभी राहिली. तो तिच्या समोर आला आणि त्यानं डाव्या हातानं तिच्या कानाखाली लगावली. डाव्या हाताला सवय नव्हती, फटका तिरपा बसला, कानातली कुडी आत घुसली आणि रक्त मानेवरून ओघळलं. मी धावलो. माझ्याकडे न बघताच अक्कानं हात मागे करून मला थांबवलं.

"इन्नोंद होडी," ती भावाला म्हणाली. आणखी एक मार.

मल्लूचा हात वर गेला. वरच राहिला. रस्त्यावरून ट्रक गेला, त्याची धूळ दोघांच्या अंगावर बसली.

अक्कानं रक्त पुसलं नाही. ती म्हणाली, "ऊटा आतेन?" जेवलास का?

त्यानं हात खाली घेतला. मग नकारार्थी मान हलवली.

तिनं डबा उघडला. कडक भाकरी होती, शेंगाची चटणी होती. तो स्टुलावर बसला, भाकरी डाव्या हातात घेऊन बघत राहिला. ती एका हातानं मोडत नव्हती. त्यानं ती मांडीवर आपटून बघितली, निसटून फरशीवर पडली. अक्का त्याच्यासमोर खाली बसली. भाकरी उचलून तिनं फुंकली, दोन्ही हातांनी मोडली, बारीक केली, प्रत्येक तुकड्यावर चटणी घातली आणि एकेक तुकडा त्याच्या डाव्या तळहातावर ठेवत गेली. तो खात होता. डबा संपेपर्यंत दोघांपैकी कुणीही मान वर केली नाही.