हरिभाऊंचा कान

आमच्या पापडी गावात एखादी मोटरसायकल कुरकुर करायला लागली की पहिला प्रश्न ठरलेला: "हरिभाऊंना ऐकवली का?" दाखवली का, असं कुणी विचारत नाही. घराच्या पडवीत हरिभाऊंचं गॅरेज आणि मागे केळीची वाडी. गाडी चालू ठेवायची, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे, ही त्यांची तपासणी. मग निकाल यायचा, आणि त्यावर अपील नसायचं. ऑइलचं प्रेशर मोजायचं गेज भिंतीवर टांगलेलं होतं, पण त्याला त्यांचा हात लागलेला कुणी पाहिला नव्हता. "ते बिनकानाच्या लोकांसाठी," असं हरिभाऊ म्हणायचे आणि आम्ही हसायचो.

सत्तरी उलटल्यावर त्यांचा कान जायला लागला. एकदम नाही, आधी फक्त बारीक आवाज गेले. पाखरं गेली, मोबाइलची रिंग गेली, इंजिनातल्या टॅपेटची टिकटिक गेली. त्यांच्या पत्नी सावित्रीकाकू लांबून हाक मारायच्या ऐवजी समोर येऊन उभ्या राहू लागल्या. हरिभाऊ याबद्दल कुणाशी बोलले नाहीत आणि आम्हीही तो विषय काढला नाही.

आम्ही एक शहाणपणा केला. गाडी हरिभाऊंकडे न्यायची, ते सांगतील त्याला मान डोलवायची, आणि परस्पर आचोळ्याच्या एका गॅरेजात पुन्हा तपासून घ्यायची. परत आल्यावर सांगायचं, "तुम्ही म्हणालात तसंच निघालं." म्हातारा खुलायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि ती मूठ आम्ही झाकून धरलेली. आपण किती भली माणसं, असंही मनातून वाटायचं. आज ते आठवलं की मान वर करवत नाही.

मग आमच्या शेजारच्या यतीनचं लग्न झालं आणि मेघना पापडीत आली. कामणला एका गोदामाच्या ऑफिसात ती नोकरी करते. दोन सिलिंडरची दणकट मोटरसायकल तिने माहेराहून स्वतः चालवत आणली होती. एक दिवस त्या गाडीच्या मीटरवर तेलाच्या झारीचं चित्र असलेला लाल दिवा पेटला. इंजिन तापल्यावर गाडी नुसती उभी असली की पेटायचा, रेस दिली की विझायचा. यतीन म्हणाला, "हरिकाकांकडे ने." 'आणि तिथून आचोळ्याला', हे पुढचं अर्धं वाक्य कामावर जायच्या घाईत राहून गेलं.

हरिभाऊंनी सुरुवात अगदी रीतसर केली, हे सांगायलाच हवं. गाडी सरळ उभी करून तेलाची पातळी बघितली, ती बरोबर होती. इंजिनावरच्या प्रेशर स्विचची वायर काढली तर दिवा विझला, म्हणजे वायर कुठे सोलून बॉडीला लागलेली नव्हती. त्यांनी नवा स्विच बसवला. इंजिन तापलं आणि दिवा पुन्हा पेटला, म्हणजे दोष स्विचचाही नव्हता. आता स्विचच्या जागी गेज लावून काटा काय सांगतो, एवढंच बघायचं उरलं होतं. हरिभाऊंनी स्क्रूड्रायव्हर उचलला आणि कानाला लावला.

"काका, वरून टिकटिक येते ना?" मेघनाने विचारलं.

"हां, ठीक हाय."

"ठीक नाही, टिकटिक."

"तेच म्हनतो ना मी, पोरी. इंजिन साफ हाय. दिवाच खोटा." त्यांनी वायर काढून ठेवली आणि तिच्या टोकाला टेप गुंडाळली. मेघना नवी सून, मोठ्या माणसाशी किती वाद घालणार. ती गाडी घेऊन गेली.

सावित्रीकाकू नंतर म्हणाल्या, हरिभाऊंना तेव्हाच शंका आली होती. पोरीचा शब्द आपल्याला पुरता कळला नाही, हे त्यांना समजलं होतं. पण 'पुन्हा बोल' म्हणायची लाज वाटली, आणि भिंतीवरचं गेज काढायची त्याहून जास्त.

पुढच्याच आठवड्यात कामणच्या अलीकडे चढावर मेघनाच्या गाडीचं इंजिन जाम झालं. मागचं चाक लॉक होऊन गाडी आडवी झाली. मागून येणाऱ्या कंटेनरवाल्याने ब्रेक मारला म्हणून पोरगी वाचली. मनगट मोडलं, खांदा सोलवटला. आचोळ्याला इंजिन उघडलं तर ऑइल पंपाची जाळी गाळाने बुजलेली निघाली, तेल वर पुरतं पोचतच नव्हतं. दिवा पहिल्यापासून खरं बोलत होता. हे असे दिवे लावले आम्ही पापडीकरांनी.

दुसऱ्या दिवशी दुपारी भेटीच्या वेळेला आम्ही हॉस्पिटलात मेघनाच्या खाटेपाशी होतो. हरिभाऊ इस्त्रीचा शर्ट घालून आले, मागे सावित्रीकाकू. वॉर्डात गर्दी होती. हातातली वेलची केळी कुठे ठेवावी हे त्यांना सुचेना, तेव्हा काकूंनीच ती घेतली.

"चूक माझी हाय पोरी," ते म्हणाले. "मना बारीक आवाज आयकू येत नाय. लाजेखातर कोनाला बोललो नाय. तुझा जीव गेला असता." मग ते आमच्याकडे वळले. "तुमाला पन फसवला मी. सगले विश्वासाने गाड्या आनत होते."

मी यतीनकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्याचा रंग उतरला होता. गप्प राहिला असता तर निभावून गेलं असतं, आम्ही आजवर तसंच निभावत आलो होतो. पण त्याची बायको प्लास्टरमधला हात उशीवर ठेवून त्याच्याकडेच बघत होती.

"काका, तुम्ही नाही फसवलंत," तो खाली बघत पुटपुटला. "तुम्हाला दाखवलेली गाडी आम्ही सगळे पुन्हा आचोळ्याला दाखवतो. हिला तेवढं सांगायचं राहिलं."

"काय?" हरिभाऊ पुढे वाकले. यतीनने आवाज थोडा चढवला. त्यांनी मान हलवली. "मोठ्यानं बोल रे. सांगून टाकला ना मी, आता कसली लाज?"

तेव्हा यतीन ओरडला. एकेक शब्द सुटा करून, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असा. शेजारच्या खाटांवरचं बोलणं थांबलं. नर्सने वळून बघितलं.

हरिभाऊंनी आधी काकूंकडे बघितलं. काकूंनी मान खाली घातली. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मलाही त्यांच्या डोळ्याला डोळा देता आला नाही.

"कवापासून?" त्यांनी विचारलं.

उत्तर ओरडूनच द्यावं लागलं असतं.