बंद बॉनेटखालची ठिणगी

भिंगरीला निवांत बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. जेवतानाही त्याचा एक गुडघा हलत असे. त्याच्या लग्नाच्या फोटोत सगळे लख्ख आले होते, नवरदेवाचा चेहरा तेवढा पुसट होता. नाव त्याला मोठ्या बहिणीने, ताईने, लहानपणी ठेवलं होतं. पुढे गॅरेज टाकल्यावर गिऱ्हाइकंही त्याच नावाने हाक मारू लागली. हात मात्र गुणी. इंजिनाचा आवाज ऐकायचा, दोन ठिकाणी पाना लावायचा आणि बॉनेट आपटून "न्या" म्हणायचं. बहुतेक वेळा ते खरं निघे.

ताईच्या जुन्या गाडीने मात्र त्याला घाम फोडला होता.

सकाळी ती एका चावीत सुरू होई. रस्त्याला लागून तापली की एक आचका देई आणि ठप्प. कडेला बॉनेट उघडून थोडं थांबलं, की आपण त्या गावच्याच नाही अशा तोऱ्यात पुन्हा सुरू. पेट्रोल नीट येत होतं, तेव्हा दोष ठिणगीत आहे एवढं भिंगरीने ओळखलं होतं. त्याने प्लग बदलले, "न्या" म्हणाला. मग ठिणगीसाठी करंट जोडणारे-तोडणारे पॉइंट घासले, त्यांच्या जोडीचा कंडेन्सर बदलला, "आता न्या" म्हणाला. आणि मागच्या खेपेला गाडी रेल्वेच्या फाटकात रुळांवरच बंद पडली. आत दाजी होते, ताईचे यजमान.

दाजींना डायलिसिसला न्यावं लागे. त्या दिवशी ओळख ना पाळख अशा लोकांनी गाडी रुळांवरून ढकलली. दवाखान्यात पोहोचेपर्यंत त्यांच्या मशीनवर दुसरा रुग्ण होता. उद्या पुन्हा जायचं होतं.

ताई गाडी घेऊन आली तेव्हा दाजीही सोबत होते. घरी भिंतींकडे बघण्यापेक्षा बरं, असं त्यांचं म्हणणं.

"हे बघ," ताई म्हणाली, "आज मला गोड बोलणं नको. उद्या ह्यांना या गाडीतून न्यायचं की नाही, तेवढं सांग. नाहीतर हिला भंगारात देते आणि पुढची गाडी दुसऱ्याच्या दारात नेते."

"एक दिवस भाड्याची बघ की."

"एका दिवसाचं आहे का हे?"

 भिंगरीने बॉनेट उघडलं, कॉइलची वायर उपसून पकडीत धरली आणि ताईला चावी फिरवायला सांगितली. वायरीच्या टोकाशी निळी, टणक ठिणगी कडाडली.

"बघ. हिच्यात खोट असेल का?"

कॉइल म्हणजे बॅटरीचा दुबळा करंट वाढवून प्लगपर्यंत धाडणारा डबा. तो त्याने कधी बदलला नव्हता, कारण पाहावं तेव्हा ठिणगी अशीच दिसे. वायर पुन्हा लावून त्याने इंजिन चालू ठेवलं. नळावर जाऊन हात धुतले, परत आला, दुसऱ्याच एका गाडीचं चाक अर्धं खोललं आणि तसंच टाकलं. इंजिन आपलं सुरळीत चालू.

"माझ्यासारखीच आहे," दाजी म्हणाले. "डॉक्टर समोर आले की माझंही काही दुखत नाही."

"तुमच्यावरच गेलीय ती," ताई म्हणाली. "आणि हा बघतो तेव्हा बॉनेट सदा उघडं. मी काय बॉनेट उघडं टाकून गाडी चालवते?"

ताईने टोमणा मारला होता, पण भिंगरी पाना हातात धरून तसाच उभा राहिला. उघड्या बॉनेटखाली वारा खेळत होता. कॉइल तापणार कशी? आजवर तो रोग्याला सावलीत उभं करून ताप मोजत आला होता. वाट बघायला त्याला सवड कुठे होती?

त्याने गाडी बाहेर उन्हात काढली, बॉनेट लावलं आणि इंजिन चालू ठेवून आत बसला. शेजारी दाजी येऊन बसले.

बसणं ही शिक्षाच होती. त्याने आरसा हलवला, पुन्हा जागेवर आणला. काच खाली, काच वर.

"मशीनवर मीही असाच असतो," दाजी म्हणाले. "सुरुवातीला पंख्याची पाती मोजायचो."

"मग?"

"मोजता येत नाहीत. फिरत असतात ना."

भिंगरी हसणार तोच आचका बसला. इंजिन बंद.

उडी मारून उतरत त्याने बॉनेट उघडलं आणि कॉइलला चाचणीचा दिवा लावला. कॉइलपर्यंत करंट येत होता. ताईने चावी फिरवली तसा दिवा लुकलुकला, म्हणजे पॉइंटही काम करत होते. पण वायरीच्या टोकाशी पिवळट, मरतुकडी ठिणगी दिसली, मग तीही दिसेना. कॉइलला बोट लावलं तर चटका बसला. त्याने तिच्यावर ओलं फडकं टाकलं आणि ती निवेपर्यंत थांबला. ठिणगी पुन्हा निळी झाली आणि इंजिन सुरू झालं.

"सापडलं," तो म्हणाला. "पहिल्यांदाच सापडलं असतं."

ताईने ओलं फडकं पिळून त्याच्या हातात दिलं. टोमणा मारला असता तर त्याला बरं वाटलं असतं.

त्याने नवी कॉइल आणून बसवली. ताईने किल्लीसाठी हात पुढे केला, पण तो बॉनेट लावून पुन्हा आत जाऊन बसला. सीट तापली, शर्ट पाठीला चिकटला, तरी इंजिन चालत राहिलं. आचका बसायची वेळ केव्हाच टळून गेली, तरी तो उतरेना. शेवटी दाजींनीच दार उघडून ऊन खूप झालं म्हटलं.

"उद्या न्या," भिंगरी म्हणाला. "पण मीही येतो."

"म्हणजे खात्री नाही."

"खात्री आहे. मला घरी बसून राहवणार नाही."

दुसऱ्या दिवशी शहरात शिरताच वाहनांची कोंडी लागली. गाडी मुंगीच्या पावलाने सरकत होती, बॉनेटवरची हवा थरथरत होती. मागच्या सीटवर भिंगरीचा जीव कानात गोळा झाला होता. काय होतंय ते उतरून बघावं, म्हणून त्याने दाराकडे हात नेला, तेवढ्यात खांद्यावर वजन आलं. दाजींना झोप लागली होती.

ताईने आरशातून पाहिलं.

"हलू नकोस," ती हळूच म्हणाली आणि गाडी थोडी पुढे घेतली.