मामांच्या दोन बरण्या

आमच्या प्राणिशास्त्र विभागात दोन गोष्टी कुणी टाकून देत नाही: फॉर्मालिनच्या बरण्या आणि किस्से. दोन्ही साठतच जातात. हे काही, मी परदेशात शिकून कोल्हापुरात परतलो त्या पहिल्या वर्षाचे.

*

नव्वदचं दशक संपत आलं होतं. एका प्रजातीच्या दोन कशा होतात, हा माझा ध्यास. एम.एस्सी.ला त्यावर ऐच्छिक पेपर मंजूर करून घेतला आणि विद्यार्थ्यांना ओढायला तासभर व्याख्यान दिलं. डोंगर उठले, नद्या वळल्या, जीव दुरावले! घाम पुसत विचारलं, "काही शंका?"

मागून हात वर आला. "सर, ह्याच्या नोट्स शाहूपुरीत झेरॉक्सला मिळतील काय?"

*

पेपर चालायला पाच विद्यार्थी हवेत, असा नियम. नावं आली चार. पाचवं नाही आलं तर पेपर बंद. मी विभागप्रमुखांकडे मुदत मागायला गेलो.

"उत्क्रांतीला लाखो वर्षं मिळत असतील हो," ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "ऑफिसला यादी एक तारखेला लागते!"

*

प्रयोगशाळा सांभाळायचे शिवामामा, मूळचे राधानगरीचे. तिथल्या ओढ्यातून त्यांनी पूर्वी आणलेले बेडूक दोन बरण्यांत होते. लेबल मात्र एकच. एका रविवारी उत्साहाच्या भरात मी कपाट आवरलं आणि सगळे बेडूक एका मोठ्या बरणीत घातले.

सोमवारी मामा बरणीसमोर उभेच राहिले. "सायेब, ही दोन येगळी व्हती की. ह्येंचं वरडणं येगळं."

"मामा, लेबल एकच होतं."

"लेबल तवाच्या सरांनी लावल्यालं. बेडूक मी धरल्यालं."

*

खात्री करायला आम्ही राधानगरीला गेलो. नावं दिलेले चार विद्यार्थी, मामा आणि त्यांच्याच वर्गातली वैशाली. तिला हा पेपर हवा होता, पण वडील म्हणत होते मत्स्यशास्त्र घे, नोकरी लागेल.

संध्याकाळी मामांनी आम्हाला ओढ्याकाठी उभं केलं. अलीकडून खर्रर्र, पलीकडून टिक-टिक. मामा हळूच म्हणाले, "ह्येच्या हाकंला तिकडची मादी वळून बघत न्हाय."

प्रजातीची हीच व्याख्या मी हजारो मैलांवर जाऊन पाठ केली होती. राहवेना. टेपरेकॉर्डर चालू करून मी तिथंच मुलांना समजावू लागलो.

परत आल्यावर विभागप्रमुखांसह सगळ्यांना जमवून कॅसेट लावली. अख्खी बाजू एकच प्राणी ओरडत होता. मी!

*

हसून झालं. मग सगळ्यांची नजर त्या मोठ्या बरणीकडे गेली. मेलेले बेडूक हाक देत नाहीत. आता कुठला कुठला, कसं सांगणार?

वैशाली म्हणाली, "सर, ओढ्यावर मामांनी धरलेले बेडूक बघितले मी. टिक-टिकवाल्याच्या बोटांमधला पडदा तोकडा हाय." तिनं भिंग मागून घेतलं. त्या दिवसापासून तास संपले की ती बरणीपाशी बसायची.

*

यादीचा शेवटचा दिवस. डेअरीला दूध घालून वैशालीचे वडील सरळ विभागात आले. हातात मत्स्यशास्त्राचा फॉर्म.

मी पुन्हा डोंगर, नद्या सुरू केल्या. त्यांनी शांतपणे ऐकलं, पण नजर वैशालीच्या टेबलावर. दोन ट्रे, मधे बरणी.

"काय करायलीस गं?"

"निवडायलोय, आबा. दोन तऱ्हेचे बेडूक एकात मिसळलेत."

"मिसळलं कुणी?"

मामा पंख्याकडे बघू लागले.

"मी," मी म्हणालो.

आबांनी मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. मग लेकीकडे वळले. "किती ऱ्हायलंय?"

"निम्मं."

त्यांनी फॉर्मची घडी करून खिशात घातली आणि तिथलंच पेन काढून तिच्या हातात दिलं.

"घाल नाव सायबांच्या यादीत. आन् सगळं येगळं झाल्याबिगर घरला येऊ नगंस!"