वहिनीचा उघडाबोडका राघू

आज सकाळी वहिनी गेली, आणि मला सगळ्यात आधी आठवला तिचा उघडाबोडका पोपट.

या म्हाताऱ्या नणंदेला वेड लागलंय, म्हणा खुशाल.

फॅमिली ग्रुपवर सगळे लिहितायत, "काकू म्हणजे चालताबोलता रेडिओ!" खरंच आहे ते.

पण ही वहिनी आमच्या घरात आली तेव्हा कित्येक महिने तिचा मोकळा आवाज आम्ही ऐकलाच नव्हता. ते कुणी लिहिणार नाही, कारण ते पाहिलेली आता मी एकटीच उरलेय.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. ठाण्याला टेंभी नाक्याजवळ चाळीत आमच्या दोन खोल्या, मधे नुसता पडदा. अण्णा, म्हणजे माझे वडील, नुकतेच रिटायर झालेले. बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी आरामखुर्ची, त्यात दिवसभर अण्णा.

दादाचं लग्न झालं. वहिनी कल्याणची, काळ्या तलावाजवळची. येताना पिंजरा घेऊन आली. रुखवतात पोपट आला म्हणून चाळभर हसाहशी.

राघू भलता बडबड्या. "काय गं, जेवलीस का?" हे तर दिवसभर चालू.

उजेड-वारा लागावा म्हणून अण्णांनी पिंजरा आपल्याच खुर्चीच्या वर, खिडकीत टांगला. फार कौतुक होतं त्यांना त्याचं.

आणि आमच्याकडची रीत काय? सुनेनं सासऱ्यासमोर तोंड उघडायचं नाही. हो-नाहीसुद्धा मानेनं.

म्हणजे राघू बाहेर, वहिनी आत. तो विचारतोय, "जेवलीस का?" आणि हिला उत्तर द्यायची सोय नाही. आईशी बोलायचं तेसुद्धा कुजबुजत.

अण्णा आल्यागेल्याला मोठ्या अभिमानानं सांगायचे, "आमच्या सूनबाईचा आवाज कसा आहे, मला अजून ठाऊक नाही!"

पाहुणे माना डोलवायचे.

हळूहळू राघूनं बोलणं बंद केलं. दिवाळीच्या सुमाराला पिसं उपटायला लागला.

आधी छातीवरची, मग पंखाखालची. सोललेल्या कोंबडीसारखा दिसायला लागला, आणि आमच्या शाकाहारी घरात तसं म्हणायचीही चोरी!

मग काय विचारता, अख्खी चाळ डॉक्टर झाली.

"उष्णता झालीय, सब्जा द्या."

"उवा असतील हो, कडुलिंबाच्या पाण्यानं आंघोळ घाला."

आईनं मीठमोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली. फ्लॅनेलचं झबलंसुद्धा शिवलं त्याला. दुपारच्या आत त्यानं ते फाडून टाकलं.

अण्णा पिंजरा घेऊन गुरांच्या डॉक्टरकडे गेले. तो म्हणाला, "अहो, मी म्हशी बघतो."

वहिनीनं एकदा आईला हळूच सांगितलं होतं, "आई, त्याला माझ्या बोलण्याची सवय आहे."

आई म्हणाली, "म्हणून ह्यांच्यासमोर पोपटाशी गप्पा मारणार तू? काहीतरीच!"

विषय संपला.

अण्णा खरंच कासावीस झालेले. पेरूची फोड हातात धरून पिंजऱ्यापाशी उभे राहायचे. "बोल रे राजा. काय होतंय तुला? एक शब्द तरी बोल."

आणि पडद्याआड वहिनी उभी. मी पाहिलंय.

संक्रांत आली. वहिनीची पहिली. काळी साडी, हलव्याचे दागिने, संध्याकाळी हळदीकुंकू. अंबाडा घालायला आईनं तिचे केस सोडले. मी हलव्याची बिंदी हातात धरून शेजारी बसलेले.

आईची फणी मधेच थांबली.

कानामागे रुपयाएवढं टक्कल. त्याच्या खाली आणखी एक.

"अगं बाई! चाई पडली की काय?"

वहिनी खाली बघत म्हणाली, "नाही आई. मीच उपटते. हात आपोआप जातो."

बाहेर अण्णा पोपटाची मनधरणी करत होते. ते एकदम गप्प झाले.

रोज मी वहिनीला चिकटून जेवायला बसायचे. पोपटाचं गळलेलं पीस न् पीस मला ठाऊक होतं, मैत्रिणींना दाखवत फिरायचे मी. वहिनीचं डोकं मला दिसलं नाही. कुणालाच दिसलं नाही. डोक्यावर पदर होता, आणि तो आम्हीच घ्यायला लावलेला.

हे लिहिताना आजसुद्धा लाज वाटतेय.

आईनं टक्कल केसांखाली झाकलं, वरून गजरा माळला. बायका आल्या. "काय गुणाची सून मिळवलीत हो!" आईला मान वर करवेना.

बायका गेल्यावर अण्णा पडद्यापाशी आले. आत आले नाहीत.

"सूनबाई, त्या पोपटाशी बोल तू. मी तलावपाळीवर जाऊन बसतो."

टोपी घातली आणि निघाले.

वहिनी पिंजऱ्यासमोर उभी राहिली. दागिने तसेच अंगावर. तोंड उघडलं, पण आवाजच फुटेना. खाकरली. पुन्हा प्रयत्न केला. आणि ढसाढसा रडायला लागली.

राघू सरकत सरकत तिच्या बाजूला आला.

त्यानंतर अण्णा रोज थोडा वेळ बाहेर जायला लागले. एकदा लवकर परतले. वहिनी राघूला कल्याणची कसलीशी गंमत सांगत होती, ती चपापली.

अण्णा चपला काढता काढता म्हणाले, "थांबू नकोस गं. पुढे काय झालं?"

वहिनीचे केस आले परत. राघूच्या छातीवर मात्र पिसं उगवलीच नाहीत. मरेपर्यंत तसाच राहिला.

पाहुणे विचारायचे, "याला काय झालं हो?"

आई "जुना आजार आहे" म्हणायला जायची. अण्णा तिला थांबवायचे.

"आजार नाही. हे आमच्या घरात झालं."

वहिनीच्या देखत म्हणायचे आणि मान खाली घालायचे.

वहिनी, अण्णांनी हे सगळ्या पाहुण्यांना सांगितलं. तुला मात्र आमच्यातलं कुणी काहीच म्हणालं नाही. आई नाही, दादा नाही, मीही नाही. तूही कधी तो विषय काढला नाहीस.

चुकलं गं आमचं.

नमस्कार करते. सुखानं जा.

तुझी नणंद, शकू