आपण कितवे आलो

कोरगावच्या कमलाक्षीने आयुष्यभर कापड शिवलं. आधी गावातल्या बायकांचे ब्लाऊज, मग हरमलच्या हॉटेलांचे तंबू, आणि खाणी बंद पडल्या त्या सालानंतर चोपड्याच्या नदीकाठी एका कारखान्यात बोटींची शिडं. शिडाची बोट चालते कशी, हे मात्र तिने कधी पाहिलं नव्हतं. पणजीला थांबलेल्या एका शर्यतीच्या बोटीची फाटकी शिडं तिच्याकडे आली. बोटीवर शिडं सांधणाऱ्या माणसाचा हात मोडला होता. बोटीची कप्तान मार्था हिने कमलाक्षीची शिवण पाहिली आणि विचारलं, आफ्रिकेपर्यंत येशील का. पासपोर्ट होता, मागे बहरीनला जायचं ठरून राहून गेलं होतं. सासू पद्मावती म्हणाली, "जा गो. हंय कोण तुका धरून बसलाहा?" हे रागाने की मायेने, ते कमलाक्षीला बोटीवर चढल्यावरही उमगलं नाही.

बोटीवर सगळंच उफराटं. बोट एका अंगावर कलंडून पळायची, त्यामुळे स्वयंपाकाला उभं राहायचं तर पाठ भिंतीला टेकवावी लागे. झोप पाळीपाळीने, ती आडवी व्हायची तेव्हा बाकड्यात आधीच्याची ऊब असायची. जेवण म्हणजे पुडीतला भुगा आणि गरम पाणी. आफ्रिका एकीकडे, तर बोट दिवसभर भलतीकडेच. विचारलं की सगळे सांगत, वारा तिकडे आहे.

तिची भाषा कळणारा एकच, लाटंबार्साचा जयराम. तो पूर्वी नदीतून खनिज वाहणाऱ्या बार्जवर होता. इथे इंजिन आणि पंप बघायचा.

विषुववृत्ताजवळ वारा पडला. शिडं ओल्या लुगड्यासारखी लोंबू लागली. पाणी मोजून मिळायला लागलं.

"इंजिन आसा, मगे चालू कित्याक करणत नाय?" कमलाक्षीने विचारलं.

"शर्यत वाऱ्याची, वयनी. इंजिनाक शिसाचो शिक्को मारलेलो आसा. तोडलो तर आमी बाद."

"मगे आणला कशाक?"

"बुडायची पाळी इली तर."

"ही बुडायचीच पाळी न्हय?"

जयराम पंपाकडे गेला.

दोन दिवसांनी रेडिओवर शर्यतीच्या पंचांशी बोलणं झालं आणि मार्थाने स्वतः पक्कड घेऊन तो शिक्का तोडला. मागून येणाऱ्या एका बोटीवर उकळतं पाणी सांडून माणूस भाजला होता, आणि डॉक्टर यांच्या बोटीवर होता. दिवसभर इंजिन चाललं, तेही आलेल्या वाटेने परत. ज्याला हरवायचं त्याच्याकडेच ही धावाधाव. डॉक्टर पट्ट्या बांधत होता तेव्हा कमलाक्षीने त्या पोराचं डोकं मांडीवर धरलं. तो तिला कळकळीने काही सांगत राहिला. एक शब्द कळेना. ती म्हणत राहिली, "होय रे बाबा, होय." आपण कशाला होकार देतोय, याची तिला भीतीच वाटली.

मग वारा आला, आणि असा आला की मोठं शीड उभं फाटलं. कमलाक्षी खालच्या खोलीत गुडघे रोवून शिवत बसली. वर सगळे हसत, ओरडत होते. वारा नव्हता तेव्हा तोंडं पाडून होते, आणि आता जीव जायची वेळ तर खुशीत.

बंदरात पोचले तर चार बोटी आधीच लागलेल्या. संध्याकाळी मात्र तिसऱ्या नंबरासाठी मार्थाचं नाव पुकारलं. मदतीला गेलेला वेळ पंचांनी वजा केला होता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या म्हणून कमलाक्षीनेही वाजवल्या.

"आपण कितवे इलो?" तिने जयरामला हळूच विचारलं.

"पाचवे. म्हणजे तिसरे."

कोरगावात आल्यावर ती कुणाला पाचवे सांगते, कुणाला तिसरे. पद्मावती दोन्ही ऐकते आणि खुलासा मागत नाही. मार्थाचा निरोप आला आहे, पुढच्या शर्यतीला येशील का म्हणून. कमलाक्षी अजून नाही म्हणालेली नाही. सध्या तिने हॉटेलाचे पडदे शिवायला घेतले आहेत.