चारूच्या बाजूचा रस्ता

आमच्या घरात 'सूट मिळतेय' म्हटलं की पुढे कोणी प्रश्न विचारत नाही. मी पुण्याची, नवरा चारूही पुण्याचा. ऑकलंडला येऊन मुलगी गाडी चालवण्याएवढी मोठी झाली, पण ही सवय काही गेली नाही. त्यामुळे एका सकाळी चारू चहा पिता पिता म्हणाला, "सिद्धीला रिस्ट्रिक्टेड लायसन्स मिळालंय, आता तिला सेफ ड्रायव्हिंगच्या कोर्सला घालू या, इन्शुरन्सवाले सूट देतात," तेव्हा मी पोळी लाटता लाटता नुसतं "घाल" म्हटलं. विशीच्या आतलं पोर गाडी चालवणार म्हटलं की इन्शुरन्सवाल्यांच्या कपाळाला आठ्या पडतात, आणि कोर्सचं सर्टिफिकेट दाखवलं की त्यातली एखादी कमी होते, एवढं मलाही माहीत होतं. कोर्सची फी मात्र त्या सवलतीपेक्षा जास्त होती. नाकापेक्षा मोती जड! मला तेव्हाच कळायला हवं होतं की पाणी कुठेतरी मुरतंय.

चारूला सूट नकोच होती. त्याला सहा महिने हवे होते.

त्याचं असं आहे. इथे रिस्ट्रिक्टेड लायसन्सवर पोर एकटी गाडी नेऊ शकते, पण कोणाला बरोबर घ्यायचं तर शेजारी फुल लायसन्सवाला, अनुभवी माणूस लागतो. त्याशिवाय बापालासुद्धा नेता येत नाही. फुल लायसन्ससाठी दीड वर्ष थांबायचं, आणि असा कोर्स केला तर एकच वर्ष. इकडे चारूच्या डोळ्यांचं कडेचं दिसणं विझत चाललं होतं. समोरचं स्वच्छ, पण डावीउजवीकडून हळूहळू पडदा ओढल्यासारखं. डोळे तपासणाऱ्या बाईंनी त्याला सांगितलं होतं, दिवसाउजेडी अजून चालवा, पुढच्या तपासणीला मात्र बहुतेक गाडी सोडावी लागेल. त्याला एवढंच हवं होतं की त्याआधी लेकीच्या हातात फुल लायसन्स यावं, म्हणजे तिच्या शेजारी बसून त्याला त्याच्या रस्त्यांवर जाता येईल. हे सगळं या माणसाने 'सूट' या एका शब्दाखाली झाकून ठेवलं. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात, ते हेच.

आता तुम्ही म्हणाल, बायको आहे की गाडी चालवायला. आहे ना! मी जवळच्या बॉटनी उपनगरातल्या मॉलपर्यंत जाते, भाजी आणि किराणा घेते आणि परत येते. वळणावळणाचा रस्ता आला की माझे हातपाय गार पडतात. आणि चारूला नेमके तसलेच रस्ते आवडतात.

माणूस स्वप्नाळू, दुसरं काय! सोमवार ते शुक्रवार दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका शोधायची नोकरी करतो, आणि रविवारी असा चेहरा करून गाडीत बसतो की जणू जगात चूक नावाची गोष्टच नाही. लहानपणी सहकारनगरहून वडिलांच्या स्कूटरवर पुढे उभा राहून पानशेतच्या रस्त्याला हवा खायला जायचा. ती हवा याच्या डोक्यात जी शिरली ती शिरलीच. "कुठे जायचंय?" विचारलं की म्हणतो, "बघू." "बघू म्हणजे कुठे?" तर म्हणे, "असंच, बघायला." डोंबल! निम्मा रविवार असा बघण्यात जातो.

गाडीही त्याच्यासारखीच. जपानहून आलेली जुनी गाडी, सुरू केली की आतली बाई जपानीत काहीतरी नम्रपणे बोलते. काय बोलते ते आजवर आम्हाला कळलेलं नाही. चारू मात्र दर वेळी तिला उत्तर देतो, "हो काकू, सावकाश नेतो." सिद्धी लहान होती तेव्हा तिला वाटायचं, बाबाला जपानी येतं.

तर सिद्धी कोर्सला जायला लागली. पापाकुराचा एक हसतमुख इन्स्ट्रक्टर होता. त्याने मुलांना एक गोष्ट पक्की शिकवली: चालवताना जे दिसेल ते तोंडाने बोलत जायचं. टेस्टमध्येही रस्त्यावरचे धोके बोलून दाखवावे लागतात. बोललं नाही तर बघितलं असं धरत नाहीत.

रविवारी सिद्धी स्टीअरिंगवर, चारू शेजारी आणि मी मागे. सिद्धी भराभर बोलायला लागली, "कार रिव्हर्सिंग, किड ऑन अ स्कूटर, बस पुलिंग आउट..."

"मराठीत बोल," चारू म्हणाला.

"व्हाय? टेस्ट इंग्लिशमध्ये आहे, बाबा."

"टेस्टसाठी इंग्लिश. माझ्यासाठी मराठी."

आमची ही मुलगी मराठी सगळं समजते, पण उत्तर इंग्लिशमध्ये देते. जेवायला हाक मारली तरी "कमिंग" म्हणेल. मला वाटलं, आता भांडण होणार. पण गाडी चालवताना भांडता येत नाही ना! तिने एक सुस्कारा टाकला आणि म्हणाली, "डावीकडे... एक माणूस कचऱ्याचा डबा ओढतोय. समोर बस थांबणारे. मागचा पांढरा गाडी खूप जवळ आलाय."

"पांढरी गाडी. आली," मी मागून म्हणाले.

"आई! आय ॲम ड्रायव्हिंग!"

तेव्हापासून आमचे रविवार असे सुरू झाले. व्हिटफर्ड मागे पडलं की घरं विरळ होतात. कुरणांवर सकाळचं धुकं पातळ पसरलेलं असतं, त्यात गाई अर्ध्याच दिसतात, आणि गाडीत माझ्या लेकीचा आवाज चालू. "उजवीकडे घोडा आहे. घोड्यावर मुलगी आहे. मी सावकाश घेते. पुढे वळण आहे, पलीकडचं दिसत नाही. आता दिसतंय. कोणी नाही. झाडं आहेत. झाडांच्या मागे पाणी." मागे बसून ऐकताना माझे डोळे मिटायला लागायचे. झोप नव्हे ती, काहीतरी गोड गुंगी. पोरीला बोबडे बोल फुटत होते तेव्हा ऐकलं असेल, त्यानंतर तिचं इतकं मराठी मी एकदम कधी ऐकलंच नव्हतं. माझी तर चैन होती.

मराएताईला समुद्राकाठी गाडी लावली की चारू सीटवर मान टेकून डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "अजून सांग."

"गाडी थांबलीय, बाबा. धोका नाही काही."

"नसू दे. सांग."

मग ती सांगायची. ओहोटी आहे, एक कुत्रा ओला होऊन आलाय, आजोबा थर्मॉसमधून काहीतरी पितायत. मला वाटायचं, बापलेकीचं काय हे खूळ! मेलं माझ्या डोक्यात तेव्हाही काही शिरलं नाही.

शिरलं ते इन्शुरन्सच्या फोनवरून. पॉलिसी रिन्यू करायची होती. मी बाहेर कपडे वाळत घालत होते आणि खिडकी उघडी होती. चारू आपल्या ऑफिसच्या इंग्लिशमध्ये फोनवर सांगत होता, माझी नजर अशी अशी आहे, डॉक्टरांनी असं म्हटलंय, येत्या काही महिन्यांत मुख्य ड्रायव्हर म्हणून माझ्याऐवजी मुलीचं नाव लागेल, तिने कोर्स केलाय. अगदी शांतपणे बोलत होता, पत्ता बदलल्याचं कळवावं तसा.

मी ओला टॉवेल हातात घेऊन तशीच आत गेले. "इन्शुरन्सवाल्यांना खरं सांगतोस आणि बायकोला सूट सांगतोस?" मी इतकी ओरडले की शेजारच्यांचा कुत्रा भुंकायला लागला. मग मी रडले. राग होता, पण त्याहून भीती जास्त होती. या माणसाच्या बघण्याला मी जन्मभर नावं ठेवली होती.

"तुला सांगितलं असतं तर तू मला गाडीला हात लावू दिला नसतास," तो म्हणाला.

"नसताच दिला!"

"म्हणून." आणि मग हळूच, "सिद्धीला नको सांगूस. टेस्टचं ओझं होईल तिला."

मी मूग गिळून बसले.

आणि टेस्टच्या दिवशी आमच्या कन्येने काय करावं? शेजारी परीक्षक बसले, त्यांनी "किया ओरा" असा माओरी नमस्कार केला, गाडी निघाली, आणि धोके सांगायची वेळ आली तशी ही सुरू झाली, "डावीकडून सायकलवाला येतोय, पुढे शाळा आहे..." परीक्षक खो खो हसले म्हणे. "फार छान वाटतंय ऐकायला, पण मला इंग्लिशमध्ये हवं," म्हणाले. झालं! हिची जीभ अडखळली. मराठीतून इंग्लिशमध्ये येता येता झेब्रा क्रॉसिंगवर पाऊल टाकणारी एक बाई हिला दिसलीच नाही. परीक्षकांनी ब्रेक मारायला सांगितलं, आणि टेस्ट तिथेच संपली.

"आय स्पोक मराठी, आई! हू डज दॅट?" घरी येऊन ती ओक्साबोक्शी रडली. चारू तिच्या पाठीवरून हात फिरवत हसत होता, पण माझ्याकडे बघितलं तेव्हा त्याचा चेहरा पार उतरलेला होता. पुढची तारीख त्याच्या तपासणीनंतरची होती.

तपासणी झाली. गाडी सुटली. घरी येऊन त्याने किल्ली खुंटीला अडकवली आणि जेवताना सिद्धीला स्वतःच सगळं सांगितलं. तिचा घास हातातच राहिला.

"म्हणून मराठीत बोलायला सांगायचास?"

"इंग्लिशमध्ये ऐकलं की ऑफिसचं काम वाटतं गं," चारू म्हणाला. "मराठीत ऐकलं की दिसतं."

ती उठून त्याच्या गळ्यात पडली. "मी नापास झाले, बाबा. मला ती क्रॉसिंगवरची बाई दिसायला हवी होती." सगळं मराठीत. मी आमटी वाढायच्या निमित्ताने ओट्याशी जाऊन उभी राहिले.

मग तिच्या शेजारी बसायचं काम माझ्याकडे आलं. वळणं आली की माझा उजवा पाय आपोआप दाबला जायचा, पायाखालच्या मॅटला भोक पडायची वेळ आली. चारू मागे. त्याला कडेचं दिसायचं नाही आणि समोर माझा अंबाडा. तरी बिचारा म्हणायचा, "छान चाललंय."

दुसऱ्या खेपेला ती पास झाली. सगळं इंग्लिशमध्ये बोलली आणि झेब्रा क्रॉसिंगवर दोनदा थांबली. इन्शुरन्सवाल्यांनी सूटही दिली. किती, ते विचारू नका.

त्याच रविवारी निघालो. डिसेंबर होता, पोहुतुकावाची झाडं किनाऱ्याने लाल फुललेली. मी आपण होऊन मागे बसले. सिद्धीने किल्ली फिरवली, जपानी काकू बोलल्या. चारू उत्तर देणार तेवढ्यात सिद्धीच म्हणाली, "हो काकू, सावकाश नेते."

"कुठे जायचंय?" मी सवयीने विचारलं.

"बघू," दोघंही एकदम म्हणाले.

मराएताई ओलांडून ती पुढे गेली, चारूच्या जुन्या रस्त्याला. बोलत होती. आता धोके सांगायची गरज नव्हती, तरी बोलत होती. "पुढे छोटा पूल आहे. एक ट्रॅक्टर येतोय, मी थांबते. थँक्यू म्हणून त्याने हात केला. आता वळण. झाडं लाल आहेत, बाबा, खाली रस्त्यावर फुलांचा सडा पडलाय. आता मोकळं झालं. समुद्र आला. भरती आहे, आणि एक बाई चपला हातात घेऊन पाण्यातून चाललीय, तिच्या पुढे एक पोरगी धावतीय."

"कुठल्या बाजूला?" चारूने विचारलं.

"तुझ्या."

चारूने मान डावीकडे वळवली आणि काच खाली केली. खारा वारा आत आला.

"दिसलं," तो म्हणाला.