कागदावर मेलेली सालकिन

तेमिरकुल नावाच्या लेखकाने सालकिनला मारून टाकलं. चांगल्या धडधाकट बाईला! दहा वर्षांपूर्वी तिने शरीर विकायचा धंदा सोडला, तेव्हापासून बिश्केकच्या बाजारात ती तंदूरमध्ये मांसाचे साम्से भाजून विकते. हा बाबा तीन दुपारी तिच्या तंदूरपाशी बसला, फुकट साम्से हाणले, “ताई, तुमचं खरं आयुष्य लिहितो,” म्हणाला. आणि मासिकात लिहिलं काय, तर ती धंदा करता करता भाड्याच्या खोलीत खोकून खोकून मेली. नाव बदललं म्हणे! पण कानाखालचा भाजल्याचा डाग तोच, गाव तेच, बापाचा आंधळा घोडासुद्धा तोच.

गावच्या मास्तरांनी ते तिच्या आईला वाचून दाखवलं. आईला इतकी वर्षं वाटायचं, लेक खानावळीत राबते. शुक्रवारी सालकिन चहा-साखर घेऊन घरी गेली, तर अंगणात तेलाचा वास. मेलेल्या माणसाच्या नावाने तळतात तसे आई तिच्या नावाने पिठाचे बोरसोक तळत होती. लेकीला बघून म्हातारी झाऱ्यासकट मटकन खाली बसली.

भाऊ दारात आडवा आला. “मेलीस तेच बरं होतं. लोक निदान हळहळत तरी होते. आता जिवंत आहेस, कष्टाचं खातेस, असं त्याच मासिकात छापून आण. मगच आईला भेट.”

सालकिनने ते बोरसोक फडक्यात बांधले आणि थेट शहरातलं वाचनालय गाठलं; लेखकाचं तिथे कथावाचन आहे, हे मासिकातच छापलं होतं. तिथे तेमिरकुल तिचंच मरण वाचून दाखवत होता आणि बायका डोळे पुसत होत्या.

“साहेब, मला कशाला मारलंत?”

तो गडबडला. “अहो ताई, ते साहित्य आहे. साम्से विकणारीसाठी कोण रडणार?”

“मग पुढच्या अंकात छापा, मी जिवंत आहे. भाऊ मला आईला भेटू देत नाही.”

“असं? आई काय म्हणाली मग?” त्या निर्लज्जाने चक्क वही उघडली!

सालकिनने सगळे बोरसोक त्या वहीवर ओतले. “खा. माझ्याच नावाचे आहेत. खा आणि माझ्यासाठी दुआ माग.”

त्याने एकालाही हात लावला नाही. पहिल्या रांगेत एक खुर्ची रिकामी होती, तिथे सालकिन टेकली. शेजारच्या बाईच्या हातातला रुमाल अजून ओलाच होता. त्या बाईने पर्स उचलली आणि ती मागच्या रांगेत जाऊन बसली.